एंटर नसलेला कीबोर्ड

रक्तपेढीत तिला सगळे खात्रीताई म्हणत. रक्तदात्यांची नावं, त्यांचे रक्तगट, फोन, कोणी कधी रक्त दिलं, हा सगळा डेटाबेस सांभाळणं हे तिचं काम, आणि ‘खात्री केली का?’ हे तिचं पालुपद. घरीही तेच. नवरा कुलूप लावून दोन पायऱ्या उतरला की हिचा प्रश्न तयार, “ओढून बघितलंस ना?” तो म्हणायचा, “कुलूप ओढलं, दार ढकललं, भिंतही हलवून पाहिली. चल आता.”

हसणारे हसोत, पण हे काम अशाच माणसाला द्यावं. बाकीच्यांना बॅकअप घेतला की हायसं वाटतं. खात्रीताईला वाटत नसे. “बॅकअप परत चढवून पाहिला, तरच तो बॅकअप. नाहीतर नुसतीच समजूत,” असं ती ज्याला त्याला ऐकवायची. दर शुक्रवारी चहा झाला की ती रात्रीचा बॅकअप कोपऱ्यातल्या जुन्या कॉम्प्युटरवर चढवायची, यादी उघडायची, भराभरा नावं आलेली बघायची आणि समाधानानं दुसरा चहा घ्यायची.

शहरातल्या डेटाबेसवाल्यांचा एक गट होता. रोज फोनवर गप्पा आणि महिन्यातून एकदा, शनिवारी सकाळी, एका क्लासच्या हॉलमध्ये भेट. तिथला नियम मोठा मजेशीर. बोलायला उभं राहणाऱ्यानं आधी स्वतःची एक चूक सांगायची, मग शहाणपण शिकवायचं. सगळ्यात झकास चुकीला महिनाभरासाठी एक मोडका कीबोर्ड बक्षीस. त्याला एंटरचं बटण नव्हतं. गट सुरू करणारे आजोबा नोकरीत असताना एकदा ‘पुसा’ असा हुकूम देऊन बसले होते, काय पुसायचं ते न सांगताच. सगळंच पुसलं गेलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी ते बटण स्वतःच्या हातानं उपटून काढलं.

खात्रीताई फोनवर सल्ले द्यायला सगळ्यांत पुढे, पण हॉलमध्ये कधी उभी राहिली नाही. “सांगण्यासारखी चूकच झाली नाही हो माझ्या हातून,” ती म्हणायची. लोक एकमेकांकडे बघायचे.

शेवटी आजोबांनी तिला घोड्यावर बसवलंच. विषय अर्थातच, बॅकअपची खात्री. चूक म्हणून ती एकदा पासवर्ड विसरल्याची हकिकत सांगणार होती. इतकी मिळमिळीत चूक त्या हॉलनं कधी ऐकली नसेल.

आदल्या दिवशी, शुक्रवारीच, तिला पडद्यावर दाखवायला फोटो हवे होते. आधी रिकामी यादी, मग भरलेली. म्हणून तिनं जुना कॉम्प्युटर पहिल्यांदाच पुसून लख्ख केला आणि त्यावर बॅकअप चढवला. यादी उघडली. रिकामी. पुन्हा चढवला, पुन्हा रिकामी.

शोधल्यावर उलगडा झाला. बॅकअप ठेवायची डिस्क कधीचीच भरली होती. रोज रात्री बरोबर नावाची, बरोबर तारखेची फाइल तयार व्हायची आणि आत काहीच नसायचं. दर शुक्रवारी जुना कॉम्प्युटर ‘जमत नाही’ असं एका ओळीत सांगत होता. ती ओळ कोण वाचतो? यादीत दिसायची ती आधी कधीतरी चढवलेली, न पुसलेली शिळी नावं, आणि बाई खुशीत दुसरा चहा घ्यायची. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण!

मुख्य सर्व्हर ठणठणीत होता म्हणून निभावलं. गेल्याच आठवड्यात एका बाळंतिणीसाठी दुर्मीळ गटाचा दाता याच यादीतून सापडला होता. सर्व्हर बसला असता तर त्याचा फोन नंबर कुठून आणला असता? तिनं फोन उचलला आणि गटात लिहिलं, “माझ्या एका मैत्रिणीचा प्रश्न आहे.”

आजोबांचं उत्तर लगेच आलं. “मैत्रिणीला सांगा, आधी पाणी प्या. सर्व्हरवरचं काहीही पुसू नका. वेगळ्या डिस्कवर आत्ताच नवा बॅकअप घ्या, रिकाम्या मशीनवर चढवा आणि कालची शेवटची नोंद त्यात आहे का बघा.” कोणी लिहिलं, “डिस्क भरत आली की बोंब मारणारा इशारा लावा म्हणावं.” आणि पाणीपुरवठा कचेरीतली एक जण म्हणाली, “मैत्रीण एकटीच असेल तर नंबर द्या, मी फोनवर थांबते.”

या शेवटच्या ओळीनं खात्रीताईचे डोळे भरून आले. “सांगते तिला,” एवढंच तिनं लिहिलं.

संध्याकाळपर्यंत सगळं मार्गी लागलं. कालची शेवटची नोंद, कुणा बसड्रायव्हरची, रिकाम्या मशीनवर उगवली तेव्हा तिला त्या अनोळखी माणसाला मिठी मारावीशी वाटली. मोठ्या डॉक्टरांना तिनं जाऊन खरं ते सांगितलं. “आता ठीक आहे ना?” म्हणत ते पुढच्या कामाला लागले. त्यांना त्यातलं काही कळलं नव्हतं. गटाला मात्र कळलं असतं, आणि तिला भीती होती ती त्यांचीच. खात्रीताई हे नाव तिनं अनेक वर्षांत कमावलं होतं.

“पासवर्डचंच सांग,” नवरा म्हणाला. “कोणाला कळतंय?”

शनिवारी ती तेच ठरवून उभी राहिली. पहिल्या रांगेतून आजोबांनी सहज विचारलं, “काय हो, मैत्रीण कशी आहे?”

बरी आहे, म्हटलं असतं की सुटली असती. पण ती खुर्च्यांवरच्या त्या चेहऱ्यांकडे बघत राहिली. यातल्या कितीजणांचे जुने कॉम्प्युटर अजून शिळी नावं दाखवत असतील?

“मैत्रीण इथंच उभी आहे,” ती म्हणाली आणि अथपासून इतिपर्यंत सगळं सांगितलं.

निम्म्यात एक जण उठून बाहेर गेला. मग आणखी दोघं. मग अख्खी मागची रांग. गेलं आपलं नाव, असं खात्रीताईला वाटलं तोच काचेच्या दारापलीकडून आरडाओरडा ऐकू आला. “अरे, त्या टेस्टच्या मशीनवरचं आधी सगळं पूस, मग चढव! हो, आत्ताच!”

आजोबांना हसू आवरेना. त्यांनी कीबोर्ड आणून तिच्या हातात ठेवला आणि हॉलमध्ये उरलेल्या पाच-सहा जणांनी शंभर जणांच्या टाळ्या वाजवल्या.

इतक्यात पाणीपुरवठा कचेरीतली ती आत आली. चेहरा पांढराफटक, फोन अजून कानाला.

“ताई,” ती हळूच म्हणाली, “माझंही रिकामं निघालं.”

खात्रीताईनं कीबोर्ड बाजूला ठेवला आणि टेबलावरची बाटली उचलून तिच्या हातात दिली.

“आधी पाणी पी,” ती म्हणाली. “मी थांबते.”