वहिनीच्या अंथरुणाला लागलेली आग

माळशेजला जाणारे लोक मुरबाडला चहा पितात आणि पुढे सटकतात. माझा सख्खा भाऊ मुरबाडला राहत असूनही मी आजवर तेच करत आले. पण या वेळी वहिनीचा फोनच असा आला, की मुक्कामाला जाणं भाग होतं.

"सरळगाव-किन्हवली रस्त्याला एका नर्सरीत फुलांचं प्रदर्शन आहे. उघड्यावर शिल्पंही मांडणारेत, बक्षिसं आहेत. माझं एक आहे," ती म्हणाली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "परीक्षकांनी दखल घेतली तर ठीक. नाहीतर अंगणातली शेड रिकामी करून देणार आहे मी. तुझ्या दादाला तिथं गाडी लावायचीये. तसं ठरलंय आमचं."

शैलावहिनी शाळेत चित्रकला शिकवायची. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या मुलांकडून सुरई आणि सफरचंद काढून घेतल्यावर, निवृत्त झाल्या झाल्या तिने शेडमध्ये स्वतःचं काम सुरू केलं. दादा त्या कामाला 'काटक्या' म्हणतो.

शनिवारी सकाळी डोंबिवलीहून गाडी काढली. तुम्ही जाणार असाल तर शहाडचा पूल लवकर पार करा, पुढे सगळं सोपं आहे. गोवेलीच्या पुढे हवा बदलते. फेब्रुवारीतही टोपी आणि पाणी हवंच, कारण नर्सरीत सावली फक्त विकायच्या रोपांना आहे. प्रवेश पन्नास रुपये. शिल्पकारांच्या नातेवाइकांनाही पन्नासच, मी विचारून पाहिलं.

दुपारी मांडणी चालू होती. टायरचं हरीण, सिमेंटच्या कुत्र्याच्या छत्र्या, दुधाच्या कॅनची गवळण आणि एक भला मोठा लोखंडी मोर. मोराच्या पोटात स्पीकर होता आणि त्यातून भावगीतं वाजत होती. दादा त्याच्यासमोरून हलेना.

"याला म्हणतात काम," तो म्हणाला. "आणि आमच्याकडे? टेम्पोचं भाडं भरून काटक्या फिरवतोय."

वहिनीने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. ती कुंपणाजवळच्या मोकळ्या तुकड्यावर गुडघे टेकून बसली होती.

आता राब म्हणजे काय ते सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. या दिवसांत इथले शेतकरी भाताच्या रोपांसाठी जमीन भाजून ठेवतात. खाली शेण, त्यावर फांद्या, मग पालापाचोळा, वर माती, आणि मग काडी लावायची. डोळखांबकडे निघालात तर उतारावर असे चौकोन ठिकठिकाणी दिसतील. वहिनीला ते जमिनीचं अंथरूण वाटायचं. म्हणून तिने तसेच थर रचले होते, अगदी तस्सेच, फक्त मधोमध एक खळगा ठेवला होता, कुणीतरी कुशीवर झोपून नुकतंच उठून गेल्यासारखा. पाटीवर नाव होतं, 'अंथरूण'.

मी चेष्टा करायच्या तयारीनेच गेले होते. पण तो खळगा पाहिला आणि आत हात घालून ऊब आहे का बघावंसं वाटलं. इकडेतिकडे पाहून घातलाही. वहिनी खरंच कलाकार आहे हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं, आणि तिला बक्षीस मिळावं म्हणून मी त्याच संध्याकाळी मुरबाडला गणपतीपुढे नारळ फोडला.

रविवारी सकाळी तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं खाऊन निघालो. वहिनीने ठेवणीतली इरकल नेसली होती. नर्सरीच्या फाटकाशी धूर दिसला.

"चहाची टपरी लावलीये वाटतं," दादा खुशीत म्हणाला.

टपरी नव्हती. कुंपणापाशी एक बाई हिरवी डहाळी घेऊन उभ्या होत्या आणि अंथरुणाच्या कडेने आग हटकत होत्या, एक ठिणगी बाहेर जाऊ न देता. त्या काशीबाई. जवळच्याच पाड्यावर राहतात आणि नर्सरीत पाणी घालायला येतात. थरांची नुसती काळी राख उरली होती.

"अगं बाई! हे काय केलंत?" वहिनी ओरडली.

"काय केलं म्हंजे? पेटवला," काशीबाई म्हणाल्या. "कोनीतरी राब घातला नि तसाच ठेवून गेला. आज वारा नाय, म्हनलं लावून टाकू काडी. वारा सुटला मंग कोन पेटवनार?"

"ते शिल्प होतं! पाटी आहे ना तिथं!"

"पाटी तं नर्सरीत सगल्या झाडान्ला हाय. मला काय म्हाईत?" मग त्या जरा मवाळ झाल्या. "पन राब कोनी घातला गो? चांगला घातलाय. मदी खड्डा तेवढा कशाला केला?"

"कुणीतरी झोपलं होतं तिथं," वहिनी कसंबसं म्हणाली.

"कोन झोपलं?" काशीबाईंनी दचकून राखेकडे पाहिलं.

त्यांची समजूत घालण्यात आमचा बराच वेळ गेला. आत कुणी नव्हतं हे पटल्यावर त्या छातीवर हात ठेवून खाली बसल्या आणि मलाच पाणी मागितलं.

तेवढ्यात परीक्षक आले. गळ्यात रेशमी उपरणं, डोळ्यांवर काळा चष्मा. टायरच्या हरणापुढे ते थांबलेही नाहीत. राखेपुढे मात्र खिळून उभे राहिले.

"वा!" ते म्हणाले. "अंथरूण, आणि नुसती राख! काय धाडस आहे! अजून धूर निघतोय. ही वेळसुद्धा तुम्ही साधलीत?"

दादाने वहिनीला कोपर मारलं. "हो म्हण," तो कुजबुजला. "अगं, पहिलं बक्षीस आहे. हो म्हण!"

मीही तिच्या कानाशी लागले होते, उगाच साळसूद कशाला बनू? नारळ माझा होता.

वहिनीने पदर सावरला. "नाही," ती म्हणाली. "मी अंथरूण केलं होतं. राख या काशीबाईंनी केली, राब समजून. माझं काम बघायचं असेल तर फोनमध्ये फोटो आहे."

परीक्षकांनी फोटो पाहिला, "छान, छान" म्हणाले आणि राखेकडे एकदा हळहळून बघत पुढे गेले. नंतर आयोजकांनी नियम सांगितला, की प्रदर्शन संपेपर्यंत जागेवर उभं असलेलं शिल्पच स्पर्धेत धरतात.

बक्षीस समारंभाला पाहुणे उशिरा आले आणि झाडांविषयी इतकं बोलले, की पुढची झेंडूची रोपं सुकली. पहिलं बक्षीस मोराला गेलं. शाल, श्रीफळ आणि केशर आंब्याचं कलम. वहिनीला सहभागाचं प्रमाणपत्रही मिळालं नाही, कारण आयोजकांच्या मते तिचा सहभाग सकाळीच संपला होता. दादाने मोराचं अभिनंदन केलं नाही, एवढं मी पाहिलं.

परतीच्या वाटेवर सरळगावात मिसळ खाल्ली. चांगली झणझणीत मिळते, पाव ताजे मागून घ्या. शेवटी न राहवून मी म्हटलं, "हो म्हणाली असतीस तर काय बिघडत होतं गं?"

"तो राखेला बक्षीस देत होता," ती म्हणाली. "माझं काम त्याने पाहिलंच नव्हतं." थोड्या वेळाने तिला एकदम हसू फुटलं. हसता हसता ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं. "मंदे, जन्मभर राब घालणारी बाई. तिला ते खरं वाटलं गं!"

दादा मान खाली घालून पाव खात होता. मग त्याने वहिनीच्या बशीत आपलं लिंबू पिळलं. आमच्या दादाकडून एवढं म्हणजे खूप झालं.

घरी येऊन आठवडा झाला. एवढी तंगडतोड करून हाती काय लागलं, असं शेजारणीने विचारलं, तेव्हा मी त्या खळग्याचा फोटो दाखवला. ती बराच वेळ बघत राहिली आणि कोण झोपलं होतं म्हणून तिनेही विचारलं. अशा जत्रेला जावं की नाही, याचं माझं उत्तर एवढंच आहे.

काल न राहवून मुरबाडला फोन लावला. दादाने उचलला.

"शेड रिकामी झाली का रे?" मी भीत भीत विचारलं.

"कसली रिकामी होतेय! गाडी उन्हातच आहे. आता दगडात करणार म्हणते. मीच गेलो होतो दगड आणायला, कंबर धरलीये." मग फोनपासून तोंड फिरवून तो मोठ्याने म्हणाला, "पण सांगून ठेवतो, दगड उघड्यावर ठेवलास की लोक त्याला शेंदूर फासतील!"

मागून छिन्नीचा आवाज थांबला.

"फासू देत," वहिनी म्हणाली. "पेटणार तर नाही!"