पाक वागिमिन यांचा कान

पाक वागिमिन यांना बारीक आवाज ऐकू येईनासे झालेत, हे जावातल्या क्लातेन गावात, आमच्या रस्त्यावर सगळ्यांना ठाऊक होतं. पाक वागिमिन सोडून. माणूस ठार बहिरा झाला असता तर बरं, कुणीतरी कानाशी ओरडून सांगितलं असतं. पण त्यांना ट्रकचा भोंगा ऐकू यायचा, माझी बडबड ऐकू यायची, बायकोची हाकही ऐकू यायची. न आल्यासारखं करायचे ती गोष्ट वेगळी. गेले होते ते फक्त वरच्या पट्टीतले आवाज. आणि या माणसाचा सगळा धंदा नेमका त्याच आवाजांवर चालायचा.

गाड्यांमध्ये स्टिरिओ बसवायचं त्यांचं दुकान. त्याच्या दारातच माझी टपरी; चहा, केळ्याची भजी आणि तळलेलं टेंपे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्या. एकोणीस वर्षं झाली, त्यामुळे स्टिरिओतलं मला तळणाइतकंच कळतं. तारांचे रंग बघून जोडणी कुणीही करेल, पाक वागिमिन म्हणायचे, खरं काम त्यानंतर. नवा स्टिरिओ बसवून इंजिन चालू केलं की पुष्कळदा स्पीकरमधून बारीक 'चीं' येते. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की तीही चढत जाते. ती कुठून घुसते ते शोधायचं. बाकीचे त्यासाठी मीटर लावतात. पाक वागिमिन आवाज शून्यावर आणायचे, डोळे मिटायचे, एक हात दारावर ठेवायचे आणि सांगायचे, "मागच्या डाव्या चाकावरचा अर्थिंगचा बोल्ट. खाली रंग राहिलाय." रंग राहिलेला असायचा. एके काळी सोलो शहराहून लोक गाड्या घेऊन यायचे. त्या काळाचा त्यांना गर्व होता, आणि तो खोटा नव्हता.

आता आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. मोठ्या माणसाला आम्ही 'पाक' म्हणतो आणि तोंडावर 'तुमचं चुकलं' असं कधी म्हणत नाही. 'इंग्गिह' म्हणतो. इंग्गिह म्हणजे हो. शिवाय 'ऐकलं', 'तुम्ही म्हणता तर असेल', 'घरी जाऊन बघू', आणि बऱ्याचदा 'नाही'. तर पाक वागिमिन डोळे उघडून म्हणायचे, "स्वच्छ." गाडीत चीं चालूच. गिऱ्हाईक मान लववून म्हणायचं, "इंग्गिह, पाक." मग माझ्याकडे चहा प्यायला बसायचं आणि हळूच विचारायचं की बसस्थानकाजवळच्या दुसऱ्या दुकानाला मागच्या बाजूने रस्ता आहे का. म्हणजे पाक वागिमिन यांच्या दारावरून जायला नको. रस्ता आहे, भाताच्या गिरणीवरून. दोन वर्षांत मी निदान तीस जणांना तो दाखवला. एरवी मी फटकळ म्हणून प्रसिद्ध आहे, माझ्या नवऱ्याला विचारा. पण त्या माणसासमोर मीही इंग्गिहच म्हणायचे.

मास गुनादी आला तो मार्चमध्ये; 'पाक' म्हणण्याइतकं वय नसलं की आम्ही 'मास' म्हणतो. पस्तिशीचा, अंडी पोचवायचा धंदा, सकाळपासून अंधार पडेपर्यंत जुन्या व्हॅनमध्ये. त्याच्याजवळ एक शामा पक्षी होता. काळा, तांबूस पोटाचा, शरीरापेक्षा शेपूटच लांब. नाव सेनोपाती, म्हणजे सेनापती. वजन एका वांग्याएवढंही नसेल.

शामाची पिसं झडून नवी येतात त्या तीन महिन्यांत तो फारसा गात नाही, नुसता ऐकतो. तेव्हा जे कानावर पडेल ते पुढे गातो. म्हणून पक्ष्यांच्या गाण्याच्या स्पर्धेत उतरणारे लोक त्या दिवसांत त्याला चांगल्या आवाजांच्या ध्वनिफिती ऐकवतात, खाटीक पक्षी, कॅनरी, रातकिडा. गुनादी घरी नसायचा आणि त्याच्या बायकोने सांगितलं होतं की दिवसभर ती रातकिडा ऐकणार नाही. मग पिंजरा व्हॅनमध्ये आणि व्हॅनमध्ये स्टिरिओ, असं ठरलं. डेक पुढे, अ‍ॅम्प्लिफायर मागे सीटखाली.

"एकदम साफ लागतो, पाक," गुनादी म्हणाला. "याची पिसं झडायला लागलीत. आता जे ऐकेल तेच जुलैत मैदानात गाणार."

"पोरा, तुझ्या बापाच्या गाडीतली कॅसेट मी बसवली," पाक वागिमिन म्हणाले. "अजून विचार त्याला."

दिवसभर खपून त्यांनी स्टिरिओ बसवला. इंजिन चालू केलं, डोळे मिटले. मला माझ्या कढईपाशी चीं ऐकू येत होती.

"स्वच्छ," ते म्हणाले.

गुनादीने माझ्याकडे पाहिलं. मी कढईत पाहिलं.

"इंग्गिह, पाक," तो म्हणाला.

त्याला गिरणीवरचा रस्ताही बंद होता. त्याचे वडील आणि पाक वागिमिन एका वर्गातले. दुसऱ्या दुकानासमोर ती व्हॅन दिसली असती तर संध्याकाळपर्यंत घरी कळलं असतं. म्हणून तो आठवड्याने पुन्हा इथेच आला.

"आवाज फारच सुंदर आहे, पाक. पण पक्षी जरा अस्वस्थ वाटतो."

"पिसं झडताना होतं तसं."

"इंग्गिह. पण गाडी पळवली की जास्त होतो."

पाक वागिमिन काही मूर्ख नव्हते. त्यांनी अर्थिंगची तार सोडली, बोल्टखालचा रंग पत्रा चमकेपर्यंत खरवडला, तार परत आवळली. डोळे मिटले. "स्वच्छ." चीं होतीच.

तिसऱ्यांदा गुनादी म्हणाला की बहुधा आपल्याच कानात काहीतरी झालंय. पाक वागिमिन म्हणाले, "डॉक्टरला दाखव. तरुण वयात कानाकडे दुर्लक्ष बरं नव्हे." हे ते अगदी मनापासून म्हणाले. तरी त्यांनी करंटची तार आणि आवाजाची तार वेगळ्या केल्या, एक उजव्या अंगाने, एक डाव्या. चौथ्यांदा त्यांनी अल्टरनेटरच्या तारेत फिल्टर बसवला. दर वेळी एक औषध, दर वेळी त्यांच्या लेखी रोगी बरा. 'अजून आहे' एवढे दोन शब्द कुणी बोललं असतं तर पाचवं औषध त्यांना पाठ होतं. गुनादी इंग्गिह म्हणाला आणि पुढे यायचा बंद झाला. पिसं झडून गेली, नवी आली.

जुलैच्या दुसऱ्या रविवारी तालुक्याच्या मैदानावर स्पर्धा होती. गुनादीने पाक वागिमिन यांना खास बोलावलं. स्टिरिओ त्यांनी बसवला होता, न बोलावणं वाईट दिसलं असतं. मी तिथे तळण विकायला गेले आणि दोरीपाशी त्यांच्या शेजारी उभी राहिले. त्यांनी इस्त्रीचा बाटिकचा शर्ट घातला होता.

आमच्या स्पर्धेत प्रेक्षकांनी ओरडायचं नसतं. चोवीस पिंजरे ओळीने टांगतात, परीक्षक मुकाट्याने खालून फिरतात आणि पाचसातशे माणसं तोंडावर हात ठेवून उभी राहतात. सेनोपातीचा नंबर सतरा. तो आधी खाटीक पक्ष्यासारखा गायला. मग कॅनरीसारखा. पाक वागिमिन मला म्हणाले, "बघ, कसा स्वच्छ उचललाय."

मग सेनोपातीने शेपूट ताणली, चोच उघडली आणि इंजिन चालू केलं.

आधी नुसती चीं, उभ्या गाडीची. मग ती चढली, पहिला गिअर. खाली आली, पुन्हा चढली, दुसरा. तिसऱ्यात तो चांगलाच वेळ राहिला; बाजाराबाहेरचा सरळ रस्ता असणार. मग सिग्नल लागला. शेजारचे दोन पक्षी गायचे थांबले. लोकांचे खांदे हलायला लागले. एक परीक्षक पिंजऱ्याखाली उभा राहून वहीत काहीच लिहीत नव्हता.

पाक वागिमिन यांनी मला कोपराने ढोसलं. "थांबला का ग तो?"

मी पाहिलं. पक्ष्याची चोच उघडी होती, गळा थरथरत होता, शेपूट वर-खाली होत होती. ते सगळं त्यांनाही दिसत होतं. इंग्गिह माझ्या ओठावर आलं होतं. पण पक्ष्याने जे सातशे माणसांदेखत सांगितलं ते मी दोन वर्षं दाराशी बसून सांगितलं नव्हतं, याची मला तिथे भयंकर लाज वाटली.

"थांबला नाही, पाक," मी म्हटलं. "गातोय."

ते पिंजऱ्याकडे बघत राहिले. "काय गातोय?"

"गुनादीची गाडी."

त्यांनी आजूबाजूचे चेहरे पाहिले. हसणारे सगळे ओळखीचे होते, आणि निम्म्या जणांच्या गाड्यांत त्यांनीच काम केलं होतं. त्यांची नजर पडली तसा एकेक जण जमिनीकडे बघू लागला.

"कधीपासून?"

"दोन वर्षं. जास्तच."

"किती लोकांना माहीत आहे?"

"लास्त्रीबाईंनाही," मी म्हटलं. लास्त्री म्हणजे त्यांची बायको. बाकीच्यांची नावं घ्यायची गरज उरली नाही.

सेनोपाती अकरावा आला. एका परीक्षकाने शेऱ्यात लिहिलं होतं, "गाणं नवीन. कुठल्या पक्ष्याचं ते कळलं नाही."

मला वाटलं, पाक वागिमिन आता घरी जाऊन दार लावून घेतील. पण त्यांनी गुनादीला व्हॅन दुकानात आणायला सांगितली. गुनादी माफी मागायला लागला, आपल्याच पक्ष्याचा दोष म्हणून. "पक्षी एकटाच शहाणा आहे," ते म्हणाले आणि डॅशबोर्डखाली शिरले. मला म्हणाले, "सार्ती, सीटवर बस. आवाज आला तर आला म्हण."

त्यांनी स्टिरिओ शून्यावर आणला, गुनादीने इंजिन चालू केलं.

"आता?"

"आहे."

"आता?"

"आहे."

डेकचं अर्थिंग पुढच्या पत्र्याला होतं, अ‍ॅम्प्लिफायरचं मागे दुसऱ्या पत्र्याला. त्यांनी डेकची तार लांबवून मागे नेली आणि दोन्ही एकाच बोल्टला आवळल्या. चीं कापल्यासारखी गेली. मागे काही राहिलंच नाही.

"गेली," मी म्हटलं.

 त्यांना आधी आणि नंतर सारखंच होतं. मागूनच म्हणाले, "तोंड पुढे कर. मागे बघू नकोस."

मग ते तार सोडायचे किंवा जोडून ठेवायचे, मला न सांगता, आणि विचारायचे. आहे. नाही. नाही. कधी दोनदा काहीच करायचे नाहीत, फसवायला. सात वेळा झालं. सातही वेळा माझं बरोबर आलं, कारण मी जे ऐकत होते तेच सांगत होते.

ते बाहेर आले. फडक्याला हात पुसत राहिले, पुसून झाल्यावरही. त्यांचे डोळे ओले होते आणि ते लपवायला त्यांनी काही केलं नाही.

"उद्या आठला एक गाडी यायची आहे," ते म्हणाले. "तू जरा आत येऊन बसशील?"

"आठला नाही जमणार," मी म्हटलं. "तेव्हा माझं तळण असतं. दहानंतर येते."

"दहाला बोलावतो त्याला," पाक वागिमिन म्हणाले.