रुमालाखाली हरवलेले भाव

बैलबाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. दलाल हातावर रुमाल टाकतो, त्याखाली आधी शेतकऱ्याच्या बोटांवरून त्याचा भाव घेतो, मग गिऱ्हाइकाच्या. दोन्ही आकडे फक्त दलालाच्या डोक्यात. त्या डोक्यावर मी लातुरात घर बांधलं, पोराला शिकवलं. आणि तोच पोरगा मला म्हणतो, "आबा, बास करा आता बाजार. तुमच्या ध्यानात राहत न्हाई."

का, तर उदगीरला माझा एक सौदा मोडला. देवणी जातीच्या बैलांची जोडी होती. दोघांचे भाव घेऊन झालेले, कुणाला कुठवर ओढायचं ते जुळवत होतो, आणि ह्या पोराचाच फोन. "आबा, तुमच्या मोबाइलवर ओटीपी आलाय, सांगा लवकर, टाइम संपायलाय." सांगितला. फोन ठेवला तर डोक्यात एकही भाव नाही! पुन्हा शेतकऱ्याची बोटं धरायला गेलो, त्यानं हात ओढून घेतला. घेतलेला भाव पुन्हा विचारला म्हणजे दलालाची नियत फिरली, असंच आमच्यात धरतात. "जमत नसलं तर घरी बसा की," म्हणाला आणि जोडी घेऊन चालता झाला.

ही बातमी माझ्याआधी घरी पोचली. पोरगा म्हणाला, "डॉक्टरला दाखवू."

"त्या बैलांची शिंगं सांगू? दात सांगू? डाव्याच्या मागच्या पायावरचा डाग सांगू?" मी ओरडलो.

सून कॉलेजात मानसशास्त्र शिकवते. तिनं विचारलं, "मामा, भाव मनात कसा धरता तुम्ही?"

"आतल्या आत म्हणत राहतो."

"मग बरोबर. हातातल्या कामापुरतं लक्षात ठेवायची जागा लहानच असते. त्यात आतल्या आत म्हणत धरलेलं एका कप्प्यात, डोळ्यांनी टिपलेलं दुसऱ्यात. कुठं लक्ष द्यायचं ते बघायला वर एक मुकादम. तुम्ही ओटीपी म्हणायला लागलात, भाव म्हणायचे थांबले, पुसले गेले. बैल दुसऱ्या कप्प्यात होते, ते राहिले. कुणाचंही हेच झालं असतं."

"ऐकलंस? माझा सौदा तू मोडलास!" मी पोरावर उखडलो.

पोरानं बायकोला विचारलं, "पण वयानं ती जागा कमी होते का न्हाई?"

"होते थोडी," ती म्हणाली. गप्प बसायला काय झालं होतं हिला!

पुढच्या बाजारी मी गेलोच. "बघा एकदा," पोरगा म्हणाला. म्हणजे आणखी एक सौदा मोडला की माझा बाजार बंद. इकडच्या तिकडच्या गप्पा हाणत सौदा जुळवायची माझी ऐट होती. ती सोडली. सगळ्यांदेखत बजावलं, "मी भाव घेताना माझ्याशी कुणी बोलायचं न्हाई."

"काय राव, पूजा मांडली का?" एक जण खिदळला. त्याला तिथंच झाडला.

मग कुणी बोललं नाही. सौदा झाला. पोराला मात्र मी अजून सांगितलेलं नाही. आधी त्यानं माफी मागावी.