मार्चातली महाशीर

अमरावतीला नोकरी करताना मला पिसांच्या माशीने मासे धरायचं वेड लागलं. खरी माशी नव्हे. कोंबड्याची पिसं दोऱ्याने गळावर बांधायची आणि लांब, लवचिक काठीने प्रवाहावर अलगद टाकायची. मासा किडा समजून तोंडात घेतो. मग त्याला सोडून द्यायचं, हा माझा नियम. तो मी भेटेल त्याला ऐकवत असे.

तीन वर्षं डोंगरात जाऊन लहान मासेच मिळाले. ज्या मोठ्या माशासाठी जात होतो, ती महाशीर एकदाही नाही.

त्या मार्चमध्ये धाकट्या बहिणीचे यजमान सोबत आले. चांदूर बाजारजवळ त्यांची संत्र्याची बाग आहे. परतवाड्याहून एसटीने पायथ्याशी उतरलो आणि पाठीवर सामान घेऊन राखीव जंगलाच्या बाहेरून दिवसभर चढलो. ते फारसं बोलत नव्हते. नदी आटून डोहांपुरती उरली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोर एकदम ताणला. काठी वाकली. पंधरा-वीस मिनिटं मासा मला काठाकाठाने ओढत राहिला, मग उथळ पाण्यात आला. हातभर लांब, सोनेरी खवल्यांची महाशीर.

"जावईबापू, मोबाइल काढा!"

त्यांनी फोटो काढला. मला तो पसंत पडेना. उन्हाकडे तोंड करून एक, मासा वर उचलून एक, गुडघ्यावर बसून एक.

"सोडा न तिले आता," ते म्हणाले. "तोंड वासून राहिली ते."

"एकच."

सोडली तेव्हा ती आडवी झाली. मी तिला दोन्ही हातांनी सरळ धरलं. हात काढले की पुन्हा आडवी. वाहतं पाणी नव्हतंच, डोह कोमट होता. तेही पँट वर करून पाण्यात उतरले आणि ओंजळीने तिच्या तोंडाशी पाणी लोटू लागले. बऱ्याच वेळाने म्हणाले, "गेली, भाऊ."

मी तिला उचलून काठावरच्या दगडावर ठेवलं.

"इतक्या गरम पाण्यात काहून धरली मंग? तुमाले त सारं मालूम हाये."

मालूम होतं. उन्हाळ्यात पाणी तापलं की दमलेला मासा सावरत नाही, हे मी वाचलेलं होतं. तीन वर्षांनी दोर ताणला गेला तेव्हा ते आठवलं नाही, इतकंच.

"टाकून देऊ का?" मी विचारलं.

"टाकता काहून? मेली त खाऊ."

त्यांनीच ती साफ केली, मीठ-तिखट चोळून निखाऱ्यावर भाजली. घरून आणलेल्या भाकरी होत्या. मांस चवदार होतं. मला भूक लागली होती आणि मी पोटभर जेवलो.

आता मी होळीनंतर काठी काढत नाही. थंडीत पाणी गार असतं तेव्हा जातो. जावईबापूही येतात, पण काठी हातात घेत नाहीत. ते काठावर बसून संत्री सोलतात आणि मी डोहाकडे वळलो की पाण्यात हात घालून पाहतात.