मिठागरातल्या बाईचं लुगडं

जुन्या काळावरच्या सिनेमात कापडाला कात्री लागण्याआधी प्रत्येक पात्राचं कपड्यांसकट चित्र काढतात आणि दिग्दर्शक ते पास करतो. दहा वर्षं मी दुसऱ्यांच्या अशा चित्रांत रंग भरले. या वेळी पहिल्यांदाच चित्रं माझी होती, सिनेमात नावही माझं येणार होतं. अर्ध्या हळकुंडाने पिवळी झाले होते मी.

नायिकेची आई मिठागरातली मजुरीण. पनवेलच्या फ्लॅटमध्ये बसून, चार जुने फोटो बघून मी तिला नऊवारी नेसवली. उंटावरून शेळ्या हाकणंच ते. मग तळमजल्यावरच्या मावशी आठवल्या. आमची इमारत त्यांच्याच शेतावर उभी आहे, आणि तरुणपणी त्या उरणकडच्या मिठागरात कामाला जायच्या. चित्र घेऊन खाली गेले.

मावशींनी चष्मा लावला. "एवढे लांब पाय? बाय हाय का बगला?"

आमच्या चित्रांत माणसं उंचच काढतात, मी म्हटलं.

"आनि हिची पाठ कुठं हाय?"

पाठ मी काढलीच नव्हती. पास करणारा समोरूनच बघणार, मग कशाला कष्ट घ्या! मावशींना ते अजिबात पटलं नाही. आतून एक जुनं लुगडं आणून त्यांनी ते माझ्या जीन्सवरच नेसवायला घेतलं. काष्टा असा खेचला की मी दोन पावलं मागे गेले. काठ गुडघ्याच्या वर.

"खाली सोरलास तं खारं पानी लागतं. वाललं का काठ करवतीवानी पोटरी कापतो," त्या म्हणाल्या.

त्या संध्याकाळी मी चित्र नव्याने काढलं, समोरून आणि मागून. माझ्या हातून तोवर इतकं चांगलं काही उतरलं नव्हतं, हे मी बिनदिक्कत सांगते.

दिग्दर्शकाला पाठ फार आवडली. गुडघे आवडले नाहीत. "अहो, हिरॉइनची आई आहे ती. लुगडं घोट्यापर्यंत घ्या, बाकी पास." खाऱ्या पाण्याचं सगळं माझ्या जिभेवर होतं. तोंडातून निघालं, "हो सर." घरी येऊन काठ खाली आणायला मला पाच मिनिटं लागली.

मावशी जिन्यापाशी भेटल्या. "झालं का पास?" खोटं बोलता आलं असतं, पण चित्र हातातच होतं. त्यांनी ते बराच वेळ बघितलं.

"ही काय काम करते म्हनलीस?"

"मिठागरात मजुरी."

"नाय गो. ही मिठागराच्या मालकाची बायको हाय," असं म्हणून त्यांनी कागद परत दिला.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तेच चित्र कपडेपटाकडे पाठवलं.