बंदरावरचं घड्याळ

मी रेल्वेत गार्ड होतो. नोकरीतली बहुतेक वर्षं दौंडातच गेली. शेवटच्या डब्यात उभं राहायचं, शिट्टी मारायची, हिरवी झेंडी दाखवायची, की गाडी सुटली. एकदा झेंडी दाखवली की फलाटावर कोण धावत येतंय हे बघायचं नाही, असा माझा खाक्या. बायको म्हणायची, तुम्हाला माणसापेक्षा घड्याळ जवळचं. मला त्याचं वाईट वाटायचं नाही. खरं सांगायचं तर मनातून बरंच वाटायचं.

रिटायर झालो तेव्हा पुण्यात कंपनीत नोकरीला असलेल्या मुलीनं हट्टच धरला. आयुष्यभर लोकांना गावाला पाठवलंत, आता तुम्ही जा म्हणाली, आणि आम्हा तिघांची, म्हणजे मी, बायको आणि माझी आई, सिंगापूरहून निघणाऱ्या जहाजाची तिकिटं काढून मोकळी झाली. दोन हजार सालानंतरची चार-पाच वर्षं उलटली असतील. आईची पंचाहत्तरी झालेली, गुडघे पार गेलेले. तिला जहाजाचं काडीचं कौतुक नव्हतं. पण शिरूरच्या ट्रॅव्हलवाल्यानं दिलेल्या रंगीत कागदात तिला कुशीवर पहुडलेल्या बुद्धाची मोठी सोनेरी मूर्ती दिसली. जहाज थायलंडात फुकेत नावाच्या बेटाला एक दिवस लागणार होतं, तिथली ती मूर्ती. आईनं तो कागद घडी करून उशीखाली ठेवला आणि निघायच्या आधी स्टेशनाजवळच्या दुकानातून मेणबत्त्यांचा पुडा आणला. पांढरी साडी बॅगेत सगळ्यात वर ठेवली.

आता यातली मेख अशी, की जहाजवाले त्या बेटावर ज्या सहली काढत होते, त्यातली एकही त्या विहाराकडं जात नव्हती. हत्ती, बाजार, समुद्रकिनारा, झालं. विहार बघायचा तर बंदरावर खासगी टॅक्सी करावी लागणार. आणि ट्रॅव्हलवाल्यानं मला निघताना बाजूला घेऊन सांगितलं होतं, की साहेब, जहाजाच्या बसला उशीर झाला तर जहाज थांबतं, खासगी टॅक्सीनं गेलात आणि उशीर झाला तर जहाज तुमच्यासाठी थांबणार नाही. मी त्याला म्हटलं, थांबूच नये. मी तरी थांबलो असतो का?

म्हटलं खरं, पण जहाजावर पाय ठेवल्यापासून मला दुसरं काही सुचेना. सहलींच्या काउंटरवर जी मुलगी बसायची, तिला मी दोन दिवसांत तीनदा जाऊन विचारलं. विहार किती लांब, टॅक्सी मिळते का, परत यायची शेवटची वेळ कोणती. तिसऱ्या वेळी मला बघून ती हसली. साडेचारच्या आत सगळ्यांनी जहाजावर यायचं, पाचला जहाज सुटणार. विहार टॅक्सीनं पाऊण तासावर. मी कागदावर आकडेमोड केली आणि ठरवलं, की काही झालं तरी चारला बंदरावर हजर व्हायचं. अर्ध्या तासाची सूट हाताशी ठेवली. बायको म्हणाली, एवढा जीव टांगणीला लागलाय तर जहाजाच्या बसनं जाऊ, हत्ती बघू. मी म्हटलं, आईला हत्ती दाखवायला आणलंय का इथं?

आणि ऐन सकाळी आईचे गुडघे सुजले. लिफ्टची तिला भीती वाटायची. दार बंद झालं की जीव घाबरा होतो म्हणायची, त्यामुळं जेवायलासुद्धा आम्ही तिला धरून धरून जिन्यानं न्यायचो. आमची खोली सहाव्या मजल्यावर आणि बाहेर पडायचं दार दुसऱ्या. त्यापुढं धक्क्यावर उतरायला अरुंद शिडी. आई पलंगावरून उठलीच नाही. तुम्हीच जावा म्हणाली.

मला तर सुटल्यासारखंच झालं, खोटं कशाला बोलू. जहाजाच्या बसमध्ये जागा शिल्लक होत्या. आईला एकटी ठेवून जायचंच तर निदान जहाज सोडून जाणार नाही अशा गाडीनं जावं. मी आईला समजावू लागलो, की तूच येत नाहीस तर विहार कशाला, परत कधीतरी बघू. तिनं माझं सगळं ऐकून घेतलं आणि मेणबत्त्यांचा पुडा माझ्या हातात ठेवला.

"परत कवा? माझ्या वाटची लाव."

मी पुडा पिशवीत टाकला. खोली आवरायला येणाऱ्या बाईला मी खुणेनं आई दाखवली, बायकोनं बिस्किटं आणि पाणी उशाशी ठेवलं, खोलीतल्या घड्याळाकडं बोट करून मी आईला चारला येतो, पाचला जहाज सुटतं म्हणून सांगितलं, आणि आम्ही निघालो. आई मराठीशिवाय एक अक्षर बोलायची नाही. पासपोर्ट जहाजवाल्यांनी पहिल्याच दिवशी जमा करून घेतलेले. हे सगळं शिडी उतरताना माझ्या डोक्यात घोळत होतं.

धक्क्यावर उतरलो आणि समोर बंदराच्या ऑफिसवर भलंमोठं गोल घड्याळ दिसलं. आता गार्डाची सवय सांगतो. ड्यूटीवर चढताना पहिलं काम म्हणजे स्टेशनातल्या घड्याळाशी आपलं घड्याळ जुळवायचं आणि वहीत सही करायची. सगळा जन्म हेच केलेलं. मी मनगटाकडं पाहिलं तर माझं घड्याळ बरोबर एक तास पुढं. लगेच ध्यानात आलं, की हा देश वेगळा, इथली वेळ वेगळी. सिंगापूरच्या विमानतळावर उतरल्यावरही आम्ही असंच घड्याळ बदललं होतं. मी काटे एक तास मागं घेतले आणि आपलं बाकी कशाकडं नाही तरी याकडं बारीक लक्ष असतं, म्हणून स्वतःवर खूशही झालो. बायकोला म्हटलं, तुझंही जुळवून घे. तिच्या घड्याळाची चावी घट्ट होती, नखानं ओढली तरी येईना. राहू द्या, तुमचं आहे ना, म्हणाली.

टॅक्सीवाला शांत स्वभावाचा, माझ्याच वयाचा. त्याच्या गाडीतलं घड्याळ आणि माझं घड्याळ मिनिटाला मिनिट जुळत होतं. तेवढ्यानंच माझा निम्मा घोर गेला. वाटेत त्यानं जेवायला थांबवलं, बायको नारळपाणी प्यायली, मी दर दहा मिनिटांनी घड्याळ बघत होतो आणि दर वेळी भरपूर वेळ हाताशी होता.

मूर्ती कागदावर होती त्याहून मोठी निघाली. उघड्या आभाळाखाली कुशीवर शांत पहुडलेली, एक हात डोक्याखाली. बायकोनं डोक्यावर पदर घेतला. आम्ही मेणबत्त्या लावल्या, आधी आईच्या नावाची, मग आमची. दौंडच्या आमच्या विहारात म्हणतो तसं त्रिसरण म्हटलं. शेजारची थाई माणसंही तेच शब्द त्यांच्या चालीत म्हणत होती. माझे डोळे भरून आले. दोन दिवसांत पहिल्यांदा जीव थाऱ्यावर आला आणि मी तिथंच पायरीवर बसकण मारली. आई इथं असायला हवी होती, असं बायको म्हणाली, आणि बोलता बोलता तिची नजर मनगटावर गेली.

"अहो, चार वाजले."

मी तिच्यावर खेकसलो. तीन वाजलेत, घड्याळ जुळवायला सांगितलं होतं तेव्हा ऐकलं नाही, आता भलत्या वेळेला भीती घालतेस. तिनं हळूच विचारलं, की जहाजावरच्या घड्याळात किती वाजले असतील?

मी खिशातून जहाजावरचा कागद काढला. रोज सकाळी खोलीत यायचा, त्यावर दिवसाचा कार्यक्रम. मी तो पाठ होईपर्यंत वाचला होता. खाली ठळक अक्षरात लिहिलं होतं, की सगळ्या वेळा जहाजाच्या घड्याळाप्रमाणं आहेत, बंदरावर घड्याळ बदलू नये. हेही मी सकाळी वाचलं होतं. अहो, वाचून बायकोला समजावूनही सांगितलं होतं! आणि खाली उतरून समोर घड्याळ दिसल्यावर हात आपोआप चावीकडं गेला होता.

टॅक्सीवाल्याला मी घड्याळ दाखवलं, जहाजाच्या भोंग्याचा आवाज तोंडानं काढला. त्याला कळलं बिचाऱ्याला. त्यानं गाडी हाणली. पण रस्त्याला गाड्यांची रांग, सिग्नल, मध्येच शाळा सुटलेली. मी पुढच्या सीटची पाठ दोन्ही हातांनी धरून बसलो होतो. आईजवळ फोन नाही. मुलीचा नंबर तिला येत नाही. जहाज सुटलं तर पुढचा मुक्काम दुसऱ्या देशात, आणि ती खोलीत बसून दाराकडं बघत असेल. तिला कोण सांगणार, कुठल्या भाषेत? बायकोनं माझ्या पाठीवर हात ठेवला. मी झटकला. मग माझं मलाच कसंतरी झालं.

त्या गाडीत मला यवतचं स्टेशन आठवलं. बायकोचं पहिलं बाळंतपण दौंडच्या दवाखान्यात व्हायचं होतं आणि त्यासाठी आई भांडगावहून यायला निघालेली. तिच्या गावाजवळचं स्टेशन यवत, तिथं गाडी थांबली, आणि त्या पॅसेंजरवर गार्ड मीच होतो. गाडी आधीच लेट. मी हिरवी झेंडी दाखवली, गाडी हलली, आणि फलाटाच्या टोकाला डोक्यावर बोचकं घेऊन पळत येणारी आई मला दिसली. लाल झेंडी दुसऱ्या हातातच होती. मी तोंड आत वळवलं. आई चार तासांनी मागच्या गाडीनं आली आणि मुलगी झाल्याचं तिला दारातच कळलं. ती एका शब्दानं बोलली नाही. तिनं मला पाहिलं नसावं, असं मी पुढं कायम स्वतःला सांगत आलो.

बंदरावर पोचलो तेव्हा पाचला दहा कमी होती, जहाजाच्या घड्याळानं. शिडी अजून लावलेलीच होती. वर उभा असलेला पांढऱ्या कपड्यातला अधिकारी आमच्याकडं बघून दोन्ही हात हलवत ओरडत होता. आम्ही पळालो. आयुष्यात इतकं कधी पळालो नाही. बायकोची एक चप्पल धक्क्यावरच राहिली.

दारातून आत शिरलो आणि समोर आई. पांढरी साडी नेसून, कपड्यांचं बोचकं मांडीवर घेऊन, दाराशेजारी खाली बसलेली. खोली आवरणाऱ्या त्या बाईनं तिचा हात घट्ट धरून ठेवला होता. सहाव्या मजल्यावरून सुजलेल्या गुडघ्यांनी ती एकटी जिना उतरून आली होती. अधिकारी मला इंग्रजीत तावातावानं सांगत होता, की ही बाई अर्ध्या तासापासून खाली उतरायला बघते आहे, आम्ही उतरू देत नाही तर रडते आहे.

मी तिच्यापुढं गुडघ्यावर बसलो. मला धड श्वास घेता येत नव्हता. तुला काही कळतं का, या परक्या मुलखात उतरून तू कुठं जाणार होतीस, असं मी तिलाच रागावून विचारलं.

आईनं माझ्या कपाळावरचा घाम पदरानं पुसला.

"तुमी मागनं आला आस्ता तर फलाटावर कुनीतरी पायजे का न्हाई? तू यवतला मला बघून त्वांड फिरवलंस, तवापास्नं मला ठावं हाय, एकटं मागं ऱ्हायलं म्हंजी कसं वाटतं."

मागं दार बंद झालं. भोंगा वाजला आणि जहाज वेळेवर सुटलं.