दोन्हीकडचे काळे झेंडे

आमच्या गिरगावच्या चाळीत मला सगळे फटाकडी म्हणत, आणि ते काही खोटं नव्हतं. पण शेजारच्या खोलीतल्या गुजराती बेनशी मी भांडले ते नुसतं स्वभावामुळे नव्हे. मुंबई महाराष्ट्रात यावी म्हणून माणसांनी गोळ्या खाल्ल्या होत्या, आणि ही नळावर मला सांगते, मुंबई वेगळीच बरी! माझं डोकं सणकलं. मी वाट्टेल ते बोलले, तीही काही कमी नाही. तिनं हंडा उचलला, मी कळशी उचलली, आणि बोलणं बंद.

एकाच गॅलरीत राहून माना फिरवायच्या, म्हणजे ताप असतो हो. पुढे बायकांकडून कानावर आलं की बेनचे यजमान खोली सोडणार, सगळ्यांना घेऊन भावनगरला जाणार. आता इथं आपलं काय, असं म्हणत होते म्हणे. बेन तर आमच्या वाडीतच जन्मलेली. भावनगर तिनं पाहिलं असेल ते लग्नकार्यापुरतं. पण आपणहून बोलायला जायचं? छट्.

तशात कुस्त्यांसाठी देशोदेशीचे पैलवान मुंबईत आले. उद्घाटनाला दिल्लीचे मंत्री येणार म्हटल्यावर आमच्या लोकांनी ठरवलं, स्टेडियमबाहेर काळे झेंडे दाखवायचे. कापडबाजारातून काळं कापड आलं आणि मी मशीनवर बसून झेंडे शिवले.

तिथे पोचून बघतो तर काय, रस्त्यापलीकडे 'मुंबई वेगळी ठेवा' म्हणणारे उभे, आणि त्यांच्याही हातात काळे झेंडे! दिल्लीनं मुंबई ना आम्हाला दिली ना वेगळी केली, म्हणून तेही चिडलेले, आम्हीही चिडलेले. त्यांच्यात पुढेच बेन. तिच्या झेंड्याला हातशिलाई होती, तीही वाकडीतिकडी. एरवी घरची उशी-अभ्र्यांपर्यंतची सगळी शिवणं ती माझ्या मशीनवर मारायची. शेजारी हक्काचं मशीन असताना बाई सुई घेऊन बसली होती! मला तिच्या घोषणांपेक्षा त्या टाक्यांचा जास्त राग आला.

मंत्री मागच्या दारानं केव्हाच आत गेले होते. आमच्यासमोर आले ते पैलवान, उघड्या बसमधून. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना एकाच रंगाचे झेंडे बघून बिचाऱ्यांना वाटलं, आपलं स्वागतच चाललंय. ते खुशीत हात हलवायला लागले. एका आडदांड गड्यानं तर खाली वाकून बेनच्या हातातला झेंडा घेतला, छातीशी धरला आणि तिच्यापुढे मान झुकवली. दोन्हीकडच्या घोषणा जागच्या जागी बंद पडल्या. कुणीतरी फिसकन हसलं आणि मग रस्ताच्या रस्ता हसला. बेन पदर तोंडाला लावून हसत होती, माझ्याकडे बघून. मी पण हसले. मग आठवलं की आपलं भांडण आहे.

पोलिसांना काही हसू आलं नाही. पैलवानांना बघायच्या रेटारेटीत दोन्हीकडची माणसं मिसळून गेली होती आणि झेंड्यांवरून कोण कुठलं ते कळायला मार्ग नव्हता. त्यांनी हाताला लागल्या त्या बायका एका गाडीत कोंबल्या. मी आणि बेन मांडीला मांडी लावून. गाडीतही घोषणांची चढाओढ सुरूच. आम्ही दोघीही घसा फोडून ओरडत होतो, एकमेकींकडे न बघता.

चौकीत नाव-पत्ता लिहून घेऊन सोडणार होते. माझं झालं, मग बेनची पाळी. तिनं चाळीचा पत्ता सांगितला. हवालदार म्हातारा आणि कंटाळलेला होता. त्यानं मान वर न करताच विचारलं, "हा आत्ताचा झाला. कायमचा सांगा."

बेनच्या खोलीत बांधून ठेवलेली बोचकी मी जाता-येता बघितली होती. आता ही भावनगर म्हणाली की संपलं, एवढंच माझ्या डोक्यात. मुंबईचं काय व्हायचं ते होऊ दे, ही तेवढी जायला नको, असंसुद्धा मला वाटून गेलं. मला! जिनं गाडीत ओरडून ओरडून घसा बसवून घेतला होता.

"कायमचा पण तोच," बेन म्हणाली. "माझा जन्म तिथला आहे. घरी ह्यांना काय सांगायचं ते मी बघते."

हवालदारानं लिहून घेतलं. मी बेनच्या पाठीत एक सणसणीत धपाटा घातला आणि भर चौकीत रडायला लागले.